अव्वाचं बोट

आमच्या अव्वाला अर्धांगाचा झटका आला आणि आमची गल्ली एकदम शांत झाली.

हे मी वाढवून सांगत नाही. अव्वा म्हणजे माझी आई, चन्नम्मा. कसबा बावड्यात आमचं घर गल्लीच्या मधोमध आहे आणि अव्वाचा आवाज दोन्ही टोकांना सारखाच पोचायचा. सकाळी नळाला पाणी आलं की ती न्हाणीतून ओरडायची, "पाणी आलंय, मोटर लाव!" हे ती मला सांगायची, पण मोटरी चार घरांत सुरू व्हायच्या. शेजारच्या खतिजाभाभींनी तर पाण्याची वेळ लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं. "अव्वा हाय की," म्हणायच्या.

मग एका सकाळी ती न्हाणीत ओरडलीच नाही. आम्ही जाऊन पाहिलं तर दाराला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, जणू दुसऱ्या कुणाचा.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय थोडा सावरला होता, धरून चालवलं की चालायची. उजवा हात मात्र तसाच होता आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, तिला कळतंय सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. हे ऐकायला सोपं होतं. घरात बघायला नव्हतं. ती डाव्या हातानं काहीतरी खुणा करायची, आम्ही भोवती उभं राहून ओळखायचो. पाणी? मानेनंच नाही. चहा? नाही. उशी? नाही. मग ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. जिनं आयुष्यभर लोकांना बोलू दिलं नाही, ती आता आमच्या अंदाजांवर जगत होती.

दवाखान्यात बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या मोनामॅडम होत्या. वयानं लहान, पण पेशंटच्या नातेवाइकांना दटावण्याची चांगली सवय असलेल्या. त्या म्हणाल्या, "सोमेशजी, एक पुठ्ठा घ्या. त्यावर सहा चित्रं चिकटवा. चहा, पाणी, बाथरूम, असं रोजचं. आई बोट ठेवतील, तुम्हाला कळेल."

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, शिवांजलीनं, जुनं कॅलेंडर आणि कात्री बाहेर काढली. मी म्हणालो, "थांब."

पुढचं सगळं त्या एका "थांब"मुळे घडलं.

त्याचं असं आहे की मी शिरोलीच्या एका कारखान्यात काम करतो. आम्ही गुळाची, तिखटाची, पिठाची पाकिटं भरणारी मशीनं बनवतो. त्या मशीनच्या छातीवर एक छोटा पडदा असतो, त्यावर बोट लावलं की मशीन सुरू होतं, बंद होतं, वजन दाखवतं. तो पडदा चालवायचं काम माझं. म्हणजे बोटानं पडद्याला सांगणं आणि पडद्यानं मशीनला सांगणं, यातला मधला माणूस मी. (घरात अव्वा आणि शिवांजली यांच्यामधला माणूसही मीच होतो, पण तिथं माझं कुणी ऐकत नसे.) अशा माणसाच्या आईनं पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं? मला ते पटेना.

"मी बोलणारा पडदा करतो," मी म्हणालो. "चित्राला हात लावला की बोलंल."

"पुठ्ठा दहा मिनिटात होतोय," शिवांजली म्हणाली.

"पुठ्ठा बोलतोय काय?"

तिनं कात्री परत ड्रॉवरमध्ये ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको वाद घालत नाही, तेव्हा ती हरलेली नसते, हे मला कळायला हवं होतं.

आमचे मालक विजयसिंह यांच्याकडे मी एक जुना पडदा मागितला. ते म्हणाले, "घेऊन जा की मर्दा, विचारतोस काय? आईसाठी हाय." पंजाएवढा एक कॉम्प्युटर माझ्याकडे होताच. प्रश्न आवाजाचा होता. मशीनचा ठरावीक आवाज टाकता आला असता, पण त्यातली बाई पुण्याच्या बातम्या सांगितल्यासारखं "मला चहा हवा आहे" म्हणायची. अव्वानं जन्मात असं वाक्य उच्चारलेलं नाही.

तेव्हा मला सुचलं. अव्वाला मोबाइलवर टाइप करता यायचं नाही, त्यामुळे ती आम्हाला आवाजाचे निरोप पाठवायची. मी कारखान्यात, शिवांजली बँकेत, अव्वा घरी; दिवसातून पाच-सहा तरी यायचे. ते सगळे फोनमध्ये तसेच पडून होते.

रविवारी दुपारी मी आणि शिवांजली ते ऐकत बसलो. अव्वा आतल्या खोलीत झोपली होती आणि बाहेर तिचाच आवाज फोनमधून येत होता. "सोम्या, येताना कोथमीर आण. मागच्यासारखी वाळल्याली नगं." "शिवा, चहा टाक की गं आल्या आल्या, किती येळ वाट बघू?" "पंखा मोठा कर म्हणून सांगितलंतं की, बटण तुटलंय." शिवांजली आधी हसली. मग एका निरोपानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तो निरोप परत लावून पाहिला. त्यात काही विशेष नव्हतं. "जेवलीस काय गं? डबा तसाच आणू नगंस," एवढंच होतं.

निरोपांतून मी सहा तुकडे कापले. पडद्यावर वरच्या ओळीत चहा, पाणी आणि दुखतंय. खालच्या ओळीत पंखा, टीव्ही आणि बाथरूम. चहाला "चहा टाक की गं, किती येळ?" मिळालं. टीव्हीला "टीव्ही लाव, शिरियल सुरू झाली" मिळालं, पंख्याला "पंखा मोठा कर". पाण्याला मात्र "पाणी आलंय, मोटर लाव!" याखेरीज काही सापडेना, तेच घातलं. बाथरूमला "बाथरूममधी कोण हाय? भाईर या!" आणि दुखण्यासाठी गुडघेदुखीच्या दिवसांतला एक निरोप होता, मलाच पाठवलेला. "दुखायलंय म्हणून सांगतोय, पर ऐकतंय कोण?" (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना सांगतो, जातो, येतो असंच म्हणतात. ऐकणारा मात्र पुरुषच धरलेला असतो, आणि तो ऐकत नाही हेही.)

पहिल्यांदा पडदा बोटाला दाद देईना, म्हणून मी कॉम्प्युटरला माऊस जोडला. म्हटलं, तोवर अव्वाला माऊस शिकवू. पलंगावर पाट ठेवला, पाटावर माऊस, तिचा डावा हात त्यावर ठेवला आणि समजावलं, "अव्वा, हे असं हलवायचं, तो बाण हलतोय बघ. बाण चहावर न्यायचा आणि दाबायचं."

अव्वानं बाणाकडे बघितलं, माऊसकडे बघितलं. मग माऊस सरळ उचलला आणि पडद्यावरच्या चहाच्या कपावर दाबून धरला.

"असं नव्हं, अव्वा."

तिनं आणखी जोरात दाबला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत शब्द नव्हते, पण मला ऐकू आले. चहावर दाब म्हणालास, दाबला. आता चहा कुठाय?

दोन दिवसांनी पडदा बोटाला बोलता झाला. माझ्या टेबलावर मी बोटानं सहाही चित्रं दाबून पाहिली, सहाही बरोबर बोलली. मग तो पलंगाशी बसवायचा होता. कारखान्यातून एक लोखंडी दांडी वाकवून आणली होती, ती पलंगाच्या उशाकडून वर जाऊन पुढं झुकायची. पडदा तिला लटकवला तेव्हा लक्षात आलं की त्याची वायर खालून बाहेर येते आणि ती अव्वाच्या तोंडावर लोंबणार. म्हणून मी पडदा उलटा केला. वायर वर गेली. चित्रं अर्थातच उलटी झाली, कप तळ वर करून टांगल्यासारखा दिसायला लागला. पण ते काय, एक ओळ लिहिली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, चित्र फिरव. चित्रं सुलटी झाली. माऊसनं सहाही दाबून पाहिली, सहाही बरोबर.

बोटानं पाहिली नाहीत. काच नुकतीच पुसली होती, डाग पडू नये म्हणून. शिवाय बोटानं टेबलावर तपासलेलंच होतं. हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

उद्घाटनाला खतिजाभाभी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. अव्वाला उशांना टेकवून बसवलं. मी माऊस घेऊन बाण चहावर नेला आणि दाबलं.

"चहा टाक की गं, किती येळ?"

खोलीत अव्वाचा आवाज भरला. तोच, भिंती हलवणारा. खतिजाभाभींनी तोंडावर पदर धरला. अव्वा पडद्याकडे बघत राहिली. तिच्या चांगल्या बाजूचा ओठ जरा हलला. मला वाटलं ती हसली. नंतर वाटलं, रडली असेल. दोन्हींत फरक करता येत नव्हता.

मी घाईनं पाणी दाबलं.

"पाणी आलंय, मोटर लाव!"

भिंतीपलीकडे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. "या अल्ला, आमचं हे घरात हायत," म्हणत खतिजाभाभी धावल्या. गौसभाईंनी सवयीनं बटण दाबलं होतं. नळ कोरडा होता.

त्या दिवशी मी फार खुश होतो. माऊस काढून ठेवला, अव्वाचं बोट चित्रांजवळ नेऊन दाखवलं आणि म्हणालो, "आता तू आणि पडदा." आणि कामावर गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर बँकेतून रजा घेतलेली शिवांजली थकून जिन्याशी बसली होती.

"आत्तींना बाथरूमला किती वेळा नेलं म्हणून सांगू," ती म्हणाली. (सासूला ती आत्ती म्हणते.) "मशीन ओरडतंय, बाथरूममधी कोण हाय. मी धरून उठवतोय, चालवत नेतोय, तिथं गेल्यावर त्या माझा हात झटकायल्यात. आत जाईनात. परत आणतोय, बसवतोय, की परत बोट."

"आणि चहा?"

"चहा तर इतका मागितला! घोटभर घेतात आणि तोंड फिरवतात. चहा ठेवला की परत चहाच मागतात. आणि मग..." ती थांबली. "मग कपडे बदलावे लागले. दोनदा. त्या रडल्या हो."

अव्वाचं असं कधी झालं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा नाही.

पुढचे दिवस असेच गेले. घसा सुकल्यासारखी ओठांवरून जीभ फिरवायची आणि टीव्ही लावायला सांगायची. आम्ही टीव्ही लावायचो, ती तिकडे बघायचीसुद्धा नाही. घामाघूम व्हायची आणि मशीन म्हणायचं, "दुखायलंय म्हणून सांगतोय." आम्ही तिचे पाय चेपायचो, ती पाय ओढून घ्यायची. सगळ्यात वाईट पंख्याचं होतं. दिवसभर ती पंखा मागायची. पंखा तीनवर असला तरी "पंखा मोठा कर", चारवर केला तरी "मोठा कर", पाचवर केला की अंगावर काटा यायचा, हात थंड पडायचे; आम्ही वर शाल घालायचो, शालीवर चादर घालायचो, आणि चादरीतून तिचा डावा हात बाहेर यायचा आणि मशीन पुन्हा पंखाच मागायचं. कपाळावर आठ्या, डोळ्यांत पाणी.

"तिला चित्रंच ओळखू येईनात," मी शिवांजलीला म्हणालो.

तिनं अव्वाची चादर नीट केली.

"डॉक्टर म्हणालेले कळतंय सगळं. तवा कळत असंल. आता न्हाय कळत."

हे वाक्य मी पलंगाजवळ उभा राहून म्हणालो होतो. अव्वा जागी होती. आजही ते आठवलं की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

मोनामॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी घेऊन या, परत तपासू. असं होऊ शकतं." ते "असं होऊ शकतं" ऐकून मी फोन खाली ठेवला आणि बसून राहिलो. मशीनबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मशीन बरोबर होतं. मशीनचा प्रश्नच नव्हता. चुकत होती ती अव्वा.

गुरुवारी मी रजा काढली. शिवांजलीची रजा संपली होती, ती बँकेत गेली. दुपारी खतिजाभाभी अव्वाजवळ बसल्या होत्या, लसूण सोलत, गल्लीतल्या बातम्या सांगत. मी दुसऱ्या दिवशीचे कागद, एक्सरे गोळा करत होतो. मशीन ओरडलं, "बाथरूममधी कोण हाय? भाईर या!"

मी उठून अव्वाला धरायला गेलो. "चल, अव्वा."

तिनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून ताकद होती. लहानपणी कानाखाली बसणारा हात उजवा होता, त्यामुळे डाव्याची मला कल्पना नव्हती. तिनं माझा हात ओढला. मी तिला उठायचंय समजून वाकलो, तर तिनं मान जोरात हलवली. मग माझं बोट आपल्या मुठीत धरलं, पडद्यापर्यंत नेलं आणि चहाच्या कपावर टेकवलं.

"बाथरूममधी कोण हाय? भाईर या!"

मी बोट काढलं. तिनं पुन्हा टेकवलं. कपावरच. बरोबर मधोमध.

"बाथरूममधी कोण हाय?"

तिनं माझं बोट सोडलं आणि हात लांब करून मला बाथरूमचं दार दाखवलं. जा. तुलाच लागली असंल.

खतिजाभाभींच्या हातातला लसूण तसाच राहिला. "सोमेश," त्या हळू म्हणाल्या, "हे उलटं बोलायलंय की."

मी बोटानं बाथरूम दाबलं. "चहा टाक की गं, किती येळ?" पाणी दाबलं. "टीव्ही लाव." टीव्ही दाबला, भिंतीपलीकडची मोटर सुरू झाली. मला तिथंच सगळं दिसलं. मी पडदा उलटा टांगला होता आणि चित्रं सुलटी केली होती, पण काचेला ते सांगितलंच नव्हतं. चित्र दाखवणारं वेगळं आणि बोट ओळखणारं वेगळं, ही दोन खाती निराळी असतात; एकाला फिरवलं तर दुसऱ्यालाही फिरवावं लागतं. माऊसचा बाण चित्राबरोबर फिरतो, म्हणून माऊस बरोबर होता. बोट मात्र अजून जुन्याच जागा धरून बसलं होतं. वर डावीकडं टेकलं की खाली उजवीकडचं. आणि आम्ही इतके दिवस नुसता आवाज ऐकून धावत होतो, बोट कुठल्या चित्रावर आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. कारखान्यात नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. (त्यांच्यापैकी कुणाला हे वाचायला देऊ नये, ही विनंती.)

आणि मग मला पंखा आठवला.

पंख्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात काय आहे ते मला पाठ होतं, तरी मी मान वर करून बघितलं. दुखतंय. ती इतके दिवस दुखतंय म्हणून सांगत होती आणि आम्ही पंखा मोठा करत होतो.

"अव्वा," मी म्हणालो.

खतिजाभाभी उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

मी लॅपटॉप आणून तिच्या पायाशी बसलो आणि एक ओळ बदलली. एवढंच काम होतं. कारखान्यात त्याला कुणी काम म्हणत नाही. मग बाजूला झालो आणि म्हणालो, "आता लाव बोट. कुठंबी लाव."

तिला विश्वास नव्हता. बराच वेळ तिनं हात उचललाच नाही. मग सावकाश हात वर नेला आणि वरच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात टेकवला.

"दुखायलंय म्हणून सांगतोय, पर ऐकतंय कोण?"

तिचाच आवाज. मलाच पाठवलेला.

"कुठं दुखतंय, अव्वा?" मी विचारलं.

तिनं डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला.

शुक्रवारी दवाखान्यात कळलं, लुळ्या हाताच्या वजनानं खांदा खाली उतरत चालला होता. त्यांनी झोळी दिली, हात कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि आधी का आणलं नाही म्हणून विचारलं. मी मोनामॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अव्वाकडे वळून म्हणाल्या, "आई, तुमचं डोकं शाबूत आहे. घरातल्या बाकीच्यांचं मला तपासता येत नाही." अव्वाच्या ओठाची चांगली बाजू हलली. या वेळी ती हसली होती, यात शंका नव्हती.

त्यानंतर घर सुरळीत चालायला लागलं. चहाला चहा, पाण्याला पाणी. पहिल्या दिवशी अव्वानं सहाही चित्रं एकामागून एक दाबली, जणू हजेरी घेतली, आणि आम्ही सहाही कामं केली. खांद्याचं दुखणं कमी होत गेलं. पण वाचेचं काही पुढं सरकेना. मोनामॅडम आ, ई, ऊ करायला लावायच्या, पप्पा-मम्मा म्हणायला लावायच्या. अव्वा त्यांच्याकडे बघत राहायची. मला मनातून असंही वाटायला लागलं होतं की आता मशीन बोलतंय, तर ती कशाला बोलेल? मी शिवांजलीला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुम्ही फक्त वायरी बघा."

वायरीच बघायला हव्या होत्या.

झालं असं की पडद्याचा चार्जर मला कारखान्यात एका तपासणीसाठी हवा होता. मी तो नेला आणि त्याच्या जागी घरातला एक जुना मोबाइलचा चार्जर लावला. पडदा सुरू झाला, चित्रं दिसली, मी निघून गेलो. अशा हलक्या चार्जरमधून वीज नीट स्वच्छ येत नाही, आणि मग काचेला कुणी हात न लावताच बोटं लागल्याचा भास होतो. हेही मी नव्या पोरांना शिकवतो.

मी बसस्टॉपवर पोचलो नव्हतो तोच शिवांजलीचा फोन आला. फोनमध्ये तिच्या आवाजामागं अव्वाचा आवाज होता, न थांबता.

"चहा टाक की गं, चहा टाक, पाणी आलंय, चहा टाक, टीव्ही लाव, बाथरूममधी कोण हाय, पाणी आलंय, मोटर लाव, मोटर लाव..."

"आत्तींचा हात पांघरुणात हाय," शिवांजली ओरडली. "कुणी हात लावलेला न्हाय! आपोआप बडबडायलंय!"

"वायर काढ."

"मला वर हात पोचत न्हाय! तुम्ही कुठं लावलंय ते बघा!"

मी पळत निघालो. गल्लीच्या तोंडाशीच मोटरींचे आवाज आले. एक सुरू, एक बंद, एक सुरू. खतिजाभाभी दारात उभ्या राहून "अव्वा, पाणी न्हाय हो!" म्हणून ओरडत होत्या. मी चपला न काढता आत शिरलो. शिवांजली स्टुलावर चढत होती. पडदा दांडीला लटकून थरथरत होता आणि ओरडत होता, "दुखायलंय म्हणून सांगतोय, दुखायलंय, दुखायलंय, पर ऐकतंय कोण, चहा टाक..."

अव्वा उशांना टेकून ताठ बसली होती. चेहरा लाल झाला होता. आपल्याच आवाजाचा इतका मारा आमच्या गल्लीनं वर्षानुवर्षं सोसला, पण तिला स्वतःला तो पहिल्यांदाच सोसावा लागत होता. तिनं डावा हात पलंगावर आपटला. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

"साकु!"

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. मशीन चालूच होतं.

"साकु! साकु!"

अव्वाचं माहेर संकेश्वरचं, घरात कानडी. साकु म्हणजे पुरे. लहानपणी फार रडलो की ती हेच म्हणायची. शब्द जाड होता, लडखडत होता, एका बाजूनं बाहेर पडत होता. पण तो कुठल्या निरोपातून कापलेला नव्हता.

शिवांजली स्टुलावरून उतरून पलंगाशी बसली आणि तिनं अव्वाचा हात धरला. दोघी रडत होत्या. मी मात्र उभाच होतो. वायर काढायची कुणाला आठवण राहिली नव्हती. शेवटी खतिजाभाभी आल्या, त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि विचारलं, "काय झालं? कोण बोललं?"

"अव्वा," मी म्हणालो.

"ते मला कळतंय. कुठली अव्वा?"

मोनामॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "कुठला व्यायाम करून घेत होता?"

"व्यायाम कसला," शिवांजली म्हणाली. "ह्यांनी मशीन बिघडवलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, राग आला की कधी कधी अडकलेला शब्द सुटतो. आता ती वाट मोकळी ठेवायची, रोज थोडं थोडं बोलतं करायचं. मी नम्रपणे विचारलं, "मग मी चार्जर बदलू काय?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "काही करू नका."

मी ऐकलं. पडदा काढून कपाटावर ठेवला. साकुनंतर शिवा आलं, मग चा, मग पानी. सोम्या यायला वेळ लागला. त्यातला म्या कठीण असतो, असं मॅडम म्हणाल्या. आता ती दोन-तीन शब्द जोडते, थांबत थांबत, मधे दम घेत. परवा उन्हं उतरल्यावर तिला बाहेर ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. कुणी ना कुणी येऊन तिच्याशी बोलत होतं. मी शेजारी उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मला जरा अभिमान वाटत होता. काही झालं तरी सुरुवात माझ्या पडद्यापासून झाली होती.

खतिजाभाभींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "अव्वा, तुमी परत बोलायला कशा लागलात हो? डॉक्टर तर म्हणत हुते, लई दिस लागतील."

अव्वानं माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवले. शब्द शोधायला बराच वेळ गेला, पण तिनं घाई केली नाही.

"ह्याला," ती म्हणाली, "शिव्या... द्यायच्या... हुत्या की."